एअरबॅग उघडली ना? मग डोळे दाखवून ये भो

गाडीला धडक बसते, एअरबॅग उघडते, माणूस वाचतो. घरचे नारळ फोडतात, वणीच्या गडावर जाऊन येतात, गाडी टोचन करून गॅरेजला जाते, इन्शुरन्सवाला सर्व्हेला येतो, बरगड्यांचे एक्सरे निघतात, आणि या सगळ्या धावपळीत डोळ्यांचं नाव कुणी काढत नाही. फारच लाल दिसला तर मेडिकलवरून ड्रॉप आणतात आणि संपला विषय. मला याच्यावर कधीचं लिहायचं होतं. अमळनेरला माझं चष्म्याचं दुकान आहे, ऑप्टोमेट्री शिकलोय, म्हणजे मी डॉक्टर नाही, नंबर काढतो, डोळ्याचा दाब मोजतो आणि काही गडबड वाटली की डोळ्याच्या सर्जनकडे पाठवतो. त्यामुळे होतं काय, अपघातानंतर महिना-दोन महिन्यांनी "नंबर वाढला वाटतं" म्हणत येणारी माणसं माझ्यासमोर बसतात, आणि विचारत गेलं की कळतं नंबर जिथल्या तिथे आहे, त्या दिवशी एअरबॅगचा मार डोळ्याला लागला होता आणि कुणी बघितलाच नाही.

आधीच सांगतो, हे एअरबॅगच्या विरोधात नाहीये. "एअरबॅगनेच डोळे जातात, फ्यूज काढून टाका" असं सांगणारे लोक मला भेटलेत आणि मला त्यांचा खरंच राग येतो. अमेरिकेच्या सरकारी हिशोबाप्रमाणे 1987 ते 2017 या काळात पुढच्या एअरबॅगनी तिथे 50,000 च्या वर जीव वाचवलेत. आणि डोळ्यांचंच बोलायचं तर एअरबॅग नव्हत्या तेव्हा तोंड थेट पुढच्या काचेवर किंवा स्टिअरिंगवर जायचं, काचेचे तुकडे डोळ्यात घुसायचे, बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पापुद्रा, उभं फाटायचं, त्याच्यापुढे आजच्या बहुतेक जखमा किरकोळ आहेत. पण बहुतेक म्हणजे सगळ्या नाही, आणि ज्या किरकोळ नसतात त्या बाहेरून किरकोळच दिसतात, खरी अडचण इथे आहे.

आपल्याकडे हा विषय आत्ता का आला तर 1 जुलै 2019 पासून नवीन गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलमध्ये शेजारच्या सीटची पण, जुन्या मॉडेलना त्या वर्षाच्या शेवटपर्यंत मुदत मिळाली. आता काही गाड्यांत सहा-सहा येतात. म्हणजे आधी जी गोष्ट मोठ्या लोकांच्या गाडीत होती ती आता पारोळा-एरंडोलच्या रस्त्यावर लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या साध्या गाडीत पण आहे. गाडी बदलली पण दवाखान्यात नेल्यावर काय सांगायचं, काय विचारायचं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

एअरबॅग कशी उघडते ते एकदा समजून घ्या म्हणजे डोळ्याला का लागतं ते आपोआप कळेल. लोकांना वाटतं ती उशीसारखी हळूच पुढे येते आणि आपण तिच्यावर डोकं टेकवतो. तसं नाहीये. धडक बसली की सेन्सर काही मिलिसेकंदात ठरवतो, इन्फ्लेटरमधलं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि स्टिअरिंगवरचं झाकण फाडून पिशवी ताशी 250-300 किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते, सगळा खेळ साधारण 30 ते 50 मिलिसेकंदात. एकदा पापणी लवायलाच 100 ते 400 मिलिसेकंद लागतात. म्हणजे डोळा मिटायच्या आत कापड डोळ्यावर येऊन आदळलेलं असतं. त्याच्यानंतर लगेच पिशवीच्या मागच्या भोकांतून गॅस सुटतो आणि ती मऊ पडते, आपण टीव्हीवर बघतो ती पडलेली मऊ पिशवी नंतरची. पिशवी पूर्ण फुगल्यावर तोंड तिच्यावर गेलं तर ती वाचवते, फुगत असतानाच तोंड तिच्या वाटेत असेल तर ती मारते. सगळा फरक अंतराचा आहे.

आता डोळ्याला काय काय होतं. सगळ्यात जास्त होतं ते बुबुळावर ओरखडा, कापड घासून जातं म्हणून. खूप दुखतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, पण वेळेवर औषध मिळालं तर दोन-चार दिवसांत भरून येतं. गंमत अशी की जे सगळ्यात जास्त दुखतं तेच सगळ्यात कमी धोक्याचं, आणि जे आतलं असतं ते अनेकदा दुखतच नाही. मार लागला की डोळा क्षणभर चपटा होतो आणि पुन्हा पूर्ववत येतो, त्या ताणात आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि बुबुळाच्या मागे, बाहुलीच्या पुढे रक्त साठतं, याला डॉक्टर हायफीमा म्हणतात. आतली नैसर्गिक लेन्स जागची हलू शकते, पुढे काही महिन्यांनी तरुण माणसाला पण मोतीबिंदू होऊ शकतो. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं तो कोपरा आतून फाटू शकतो, त्याने त्या दिवशी काहीच होत नाही पण पाच-दहा वर्षांनी दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि मागचा पडदा, त्याला कडेने चीर पडू शकते, त्या चिरेतून पाणी मागे शिरलं की पडदा सुटत जातो. पडद्याला दुखायच्या नसाच नाहीत. फाटला तरी दुखत नाही. हे वाक्य परत वाचा.

धूर आणि पांढरी पावडर हा वेगळाच विषय. एअरबॅग उघडल्यावर गाडीत पांढरा धूर होतो आणि बरेच लोक घाबरून ओरडतात की गाडी पेटली. ती पावडर थोडी स्टार्चची किंवा टाल्कची असते, पिशवी चिकटू नये म्हणून घडीत टाकलेली, आणि थोडा जळलेल्या रसायनाचा उरलेला भाग. जुन्या पद्धतीच्या इन्फ्लेटरमध्ये सोडियम अझाइड असायचं, त्याचा नायट्रोजन होतो तो निरुपद्रवी, पण बरोबर जी बारीक धूळ येते ती अल्कली असते. आता ग्वानिडीन नायट्रेटसारखी दुसरी रसायनं जास्त वापरतात, तरी धूळ डोळ्यात गेली की जळजळ होतेच. आणि अल्कली म्हणजे काय हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. तंबाखूची चुन्याची पुडी पोरं दाबतात आणि चुना फटकन डोळ्यात उडतो, त्या पोरांच्या बुबुळाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये. ॲसिडपेक्षा चुना जास्त वाईट, कारण तो आत आत उतरत जातो, वरून डोळा शांत वाटला तरी आत काम चालूच असतं. एअरबॅगच्या धुळीत तेवढी ताकद बहुतेक वेळा नसते, पण जात एकच आहे. म्हणून पाणी लगेच मारायचं, घरी जाऊन नाही.

आता माझ्या साडूंचं सांगतो, त्यांना विचारूनच लिहितोय. ते चोपड्याकडचे, केळीवाले. मागे एकदा शिरपूरकडून लग्नाहून परत येत होते, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, रात्रीची वेळ, आणि पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली, ना लाइट ना रिफ्लेक्टर, मागे साधं एक पोतं पण बांधलेलं नाही. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी बरीच हळू झाली, तरी धडकलीच. दोन्ही एअरबॅग उघडल्या. साडू चालवत होते, बेल्ट लावलेला होता, त्यामुळे छातीला काही नाही, फक्त चष्म्याचा एक भाग तुटला आणि नाकावर खरचटलं. दवाखान्यात नेलं, तिथे टीटी दिलं, एक्सरे काढला, नाकाला पट्टी लावली, विचारलं "दिसतंय ना?", साडू म्हणाले हो दिसतंय. आणि ते खोटं बोलले नाहीत. दोन्ही डोळे उघडे होते, डावा डोळा चांगला होता, त्याने सगळं सांभाळून घेतलं. मेंदू तेवढा हुशार असतोच.

चार-पाच दिवसांनी ते दुकानात आले, अहिराणीत म्हणाले, "चस्मा फुटी गया भाऊ, नवा बनाडी दे." मी त्यांना खुर्चीवर बसवलं, एकेक डोळा झाकून वाचायला लावलं, उजव्या डोळ्याने 6/36 च्या खाली उतरेनात, म्हणजे चांगला डोळा 36 मीटरवरून वाचतो ते त्यांना 6 मीटरवरून जेमतेम दिसत होतं. पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची चकती डोळ्यापुढे लावली, तरी सुधारेना. नंबरचा प्रॉब्लेम असेल तर पिनहोलने थोडंतरी सुधारतं, म्हणजे हा नंबर नाही एवढं तिथेच कळलं. टॉर्च कडेने मारली तर बुबुळाच्या आत खालच्या बाजूला लाल रेष, पाण्यात गाळ बसावा तशी. दाब मोजला तर तीसच्या वर, नॉर्मल 10 ते 21 असतो. मी म्हटलं चष्मा नंतर, आत्ता गाडीत बसा. तर म्हणतात, "माले काय व्हयनं? दोन दिनमा बरं व्हई जाई." मावशी म्हणजे माझ्या बायकोची बहीण, तिने गाडीतून उतरूच दिलं नाही त्यांना, तशीच जळगावला नेली गाडी.

डॉक्टरांनी दाब कमी करायचे ड्रॉप दिले, बाहुली मोठी करायचे दिले, आडवं झोपायचं नाही, डोक्याखाली दोन-तीन उशा घेऊन वर झोपायचं, वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही सांगितलं. आणि एक गोष्ट त्यांनी विचारली जी आधी कुणीच विचारली नव्हती, "अंगदुखीची कोणती गोळी घेताय?" साडू अपघाताच्या दिवसापासून मेडिकलवरची पेनकिलर घेत होते, तीही रक्त पातळ ठेवणाऱ्या गटातली. अशा डोळ्यात तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा रक्त सुटायची भीती असते आणि दुसऱ्यांदा सुटलेलं रक्त पहिल्यापेक्षा जास्त वाईट करतं. रक्त साफ झाल्यावर मागचा पडदा नीट बघितला तर कडेला एक चीर सापडली. लेसर करून तिथल्या तिथे शिवल्यासारखी बंद केली. पडदा सुटला नव्हता. सुटला असता तर मोठं ऑपरेशन, आणि तरी पहिल्यासारखं दिसेल याची खात्री कुणी देत नाही. आज त्यांना चांगलं दिसतं, पण त्या डोळ्याचा दाब आणि कोपरा तपासायला वर्षातून एकदा जायचंय, कायमचं. गोनिओस्कोपी म्हणतात त्या तपासणीला, डोळ्यावर एक छोटी भिंगाची काच ठेवून कोपरा बघतात.

मी दवाखान्याच्या त्या डॉक्टरांना पण फार दोष देत नाही, रात्री दोन वाजता तिथे डोक्याला मार लागलेले, हाड मोडलेले पेशंट ओळीने असतात. पण मग आपण तरी बोललं पाहिजे ना. "एअरबॅग उघडली होती, तोंडावर लागली" एवढं एक वाक्य केस पेपरवर लिहून घ्या. आणि एकेक डोळा झाकून बघा. दवाखान्यातच बघा, नाहीतर घरी आल्यावर भिंतीवरचं कालनिर्णय दहा फुटांवरून एकेका डोळ्याने वाचा, चष्मा असेल तर चष्मा लावून. दोन्हीत फरक वाटला, सरळ रेघ वाकडी दिसली, पुढे धुकं, काळे ठिपके किंवा जाळं तरंगतंय, अंधारात वीज चमकल्यासारखं होतंय, कडेने पडदा ओढल्यासारखी सावली येतेय, बाहुली गोल नाही, दोन-दोन दिसतंय, यातलं काहीही असेल तर उद्या नाही, आजच. आणि यातलं काहीच नसेल तरी आठवड्याभरात बाहुली मोठी करून मागचा पडदा बघून घ्या, मग महिन्याभराने परत एकदा, कारण चीर कधीकधी नंतर पडते. बाहुली मोठी केल्यावर तीन-चार तास धूसर दिसतं, गाडी चालवत जाऊ नका, कुणालातरी बरोबर न्या.

जागेवर काय करायचं ते दोन प्रकारचं आहे आणि दोन्हीत गल्लत करायची नाही. नुसती पावडर गेलीये, जळजळतंय, तर स्वच्छ पिण्याचं पाणी, बाटली असेल ती, पापण्या बोटाने उघड्या धरून 15-20 मिनिटं सतत मारा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. पण डोळ्यात काच घुसलेली दिसतेय, डोळा फाटलाय, आतून काही बाहेर आल्यासारखं वाटतंय, तर पाणी नाही, ड्रॉप नाही, मलम नाही, हात लावायचा नाही, घुसलेलं काढायचं नाही. चहाचा कागदी कप घ्या, त्याचा तळाचा भाग कापून डोळ्यावर असा ठेवा की कडा हाडावर टेकतील आणि डोळ्यावर दाब येणार नाही, चिकटपट्टीने लावा आणि 108 ला फोन करा. रुमाल घट्ट बांधतात लोक, रक्त थांबावं म्हणून, हेतू चांगला असतो पण फाटलेल्या डोळ्यावर दाब दिला की आतलं बाहेर येतं. आणि घरी आल्यावर तूप, मध, गुलाबपाणी, कुणाचं दूध हे काही नको. स्टिरॉइडचे ड्रॉप तर अजिबात नको स्वतःच्या मनाने, मेडिकलवाला ओळखीचा असला तरी. आपण शेतीतली माणसं, बुबुळावर ओरखडा असताना शेतातली बुरशी आत शिरली आणि वरून स्टिरॉइड पडलं तर बुबुळ पांढरं होऊन बसतं, अशा केसेस आपल्याकडे कापसाच्या आणि मक्याच्या सीझनला नेहमी असतात.

चष्म्याबद्दल सांगायलाच हवं, माझा धंदाच तो. साडूंच्या चष्म्याची फ्रेम सुपरा, म्हणजे खालून नुसत्या दोऱ्यावर लेन्स धरलेली, होती आणि लेन्स फायबरची. फायबर काचेपेक्षा बरं, पण जोरात मार बसला तर त्याचेही तुकडे होतात. जुन्या लोकांकडे अजून खऱ्या काचेचे चष्मे आहेत, ओरखडे पडत नाहीत म्हणून आवडतात त्यांना. गाडी चालवताना ते वापरू नका, मनापासून सांगतो. रोज हायवेला गाडी चालवणाऱ्याने पॉलीकार्बोनेट लेन्स घ्यावी, दुकानात आम्ही नुसतं पॉली म्हणतो, ती फुटत नाही, फार तर वाकते, आणि फ्रेम फुल रिमची घ्यावी. रिमलेसमध्ये लेन्सला भोकं पाडलेली असतात, ती तिथूनच तुटते. पैसे थोडे जास्त जातात, पण लोक गाडीच्या सीट कव्हरवर याच्या कितीतरी पट घालवतात.

ज्यांच्या डोळ्याचं आधी ऑपरेशन झालंय त्यांनी जास्त जपायचं. लेसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन केलेल्यांच्या बुबुळाची वरची चकती वर्षांनी पण अशा माराने सरकू शकते. मोतीबिंदूचं जुनं, मोठ्या टाक्यांचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा, त्यांच्या डोळ्याचा तो सांधा कायमचा थोडा कच्चाच राहतो, बसवलेली लेन्स हलू शकते. आपल्याकडे शिबिरात ऑपरेशन झालेली कितीतरी म्हातारी माणसं आहेत आणि मानाने आपण त्यांनाच पुढच्या सीटवर बसवतो. बसवा, पण सीट पूर्ण मागे सरकवून, बेल्ट लावून. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला आधी सांगा, स्वतः बंद करू नका, ती हृदयासाठी दिलेली असते.

अंतर. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत कमीत कमी 25 सेंटिमीटर पाहिजे. टेप नसेल तर एक वीत आणि वर दोन-तीन बोटं, आत्ताच गाडीत बसून मोजून घ्या. ठेंगण्या बायका आणि नवीन शिकलेली पोरं स्टिअरिंगला चिकटून बसतात, रस्ता दिसत नाही म्हणून. सीट उंच करा, पाठ थोडी मागे टाका, आणि स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर एवढं खाली ठेवा की त्याचा मधला भाग तोंडाकडे नाही, छातीकडे असेल, म्हणजे पिशवी छातीवर येते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. स्टिअरिंगच्या मधल्या भागावरून एका हाताने वळवायची सवय असेल तर तो हात आणि त्यातलं घड्याळ, कडं सगळं तोंडावर येतं. बेल्ट तर हवाच, एअरबॅगच्या नावातच पूरक असं आहे, एसआरएस म्हणजे बेल्टला जोड म्हणून दिलेली वस्तू. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच माणूस पुढे सरकतो आणि पिशवी फुगायच्या आत तिच्या तोंडाशी पोहोचतो. 2022 मध्ये देशात बेल्ट न लावता 16,715 माणसं गेली, सरकारचाच आकडा आहे. आणि ते खटके विकत मिळायचे ना, बेल्टच्या जागी नुसते खोचायचे, बीप बंद होण्यासाठी, मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना ते विकायला बंदी केली, तरी गाड्यांमध्ये अजून दिसतात.

डॅशबोर्डवर काय ठेवता ते बघा. शेजारच्या सीटच्या समोर जिथे एअरबॅग लिहिलेलं असतं बरोबर त्याच झाकणावर डबल टेपने देवाची मूर्ती, मोबाइलचा स्टँड, सुगंधाची काचेची बाटली चिकटवलेली असते. ते झाकण जेव्हा फुटतं तेव्हा वरचं सगळं समोरच्याच्या तोंडावर जातं. देव ठेवायचा तर मधे ठेवा, आरशाखाली नीट बसवून, श्रद्धेचा प्रश्नच नाही यात. पुढच्या सीटवरच्याने पाय वर ठेवणं आणि तोंडाजवळ मोबाइल धरून व्हिडिओ बघत बसणं हेही तसंच. आणि पुढे लावतात ते लोखंडी गार्ड, त्याच्यावर सरकारने डिसेंबर 2017 मध्येच बंदी आणलीये, एक कारण हेच की धडकेचा अंदाज सेन्सरला नीट लागत नाही.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं. आखाजीला माहेरी जायचं असतं, कानबाईला गावी जायचं असतं, गाडी भरलेली असते, मग पोरगं पुढे मावशीच्या नाहीतर बापाच्या मांडीवर. हे लिहिताना हात थांबतो. डिसेंबर 2024 मध्ये वाशीला सहा वर्षांचा मुलगा पुढे बसलेला असताना एअरबॅग उघडून गेला, त्याच्या आधी सप्टेंबरात केरळात मलप्पुरमला आईच्या मांडीवरचं दोन वर्षांचं बाळ गेलं. लहान मुलाचं तोंड बरोबर पिशवीच्या उंचीला येतं. 13 वर्षांच्या आतलं पोर मागे, बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये, आणि मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच नाही. जागा होत नसेल तर दोन फेऱ्या करा, एसटीने पाठवा कुणालातरी, पण पोर पुढे नको.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदात विझला पाहिजे. लागलाच नाही तर काहीतरी लपवलंय, विझला नाही तर बिघाड आहे. आधी अपघात होऊन उघडलेली एअरबॅग नवी न बसवता झाकण चिकटवून गाडी विकणारे आहेत. आणि गाडी आठ-दहा वर्षांपूर्वीची असेल तर चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का ते बघा. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, उष्णता आणि दमट हवेने वर्षानुवर्षं ते खराब होऊन पेटताना धातूचं भांडंच फुटायचं आणि लोखंडाचे तुकडे चेहऱ्यात घुसायचे. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आपल्याकडेही बोलवल्या, कंपनी 2017 ला दिवाळखोरीत गेली. पार्ट फुकट बदलून मिळतो, पण सेकंडहँड मालकाचा पत्ता कंपनीकडे नसतो त्यामुळे त्याला पत्रच येत नाही.

कागदाचं एक. अपघात असेल तर दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची कायदेशीर नोंद होते, त्यात दोन्ही डोळ्यांची नजर आकड्यात लिहून घ्या, "डोळे ठीक" असं नको, 6/6 का 6/36 ते. नंतर क्लेमला किंवा कोर्टात डोळ्याचं नुकसान त्या अपघातानेच झालं हे दाखवायला तोच कागद लागतो. 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना पण आहे, अपघातानंतर पहिले सात दिवस, 1.5 लाखापर्यंत, नेमलेल्या दवाखान्यात. डोळे त्या सात दिवसांतच दाखवून घ्या, तिथल्या डॉक्टरांना सांगून डोळ्याच्या सर्जनला बोलवायला लावा.

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव इकडचं कुणी असेल आणि गाडीची एअरबॅग उघडली असेल, मग ती काल उघडली असो का दोन वर्षांपूर्वी, तर दुकानात येऊन जा. एकेक डोळ्याची नजर आणि दाब तपासायचे पैसे मी अपघाताच्या पेशंटकडून घेत नाही, आणि पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठी लिहून देतो. दुपारी दोन ते चार बंद असतं, पण अपघाताचं असेल तर फोन करा, मी वरतीच राहतो.